माहिती भरा, पोरं आपोआप शिकतील

पालिकेच्या शाळेची गुणवत्ता वाढवायची आहे ना? मग फळ्याकडे पाठ करा आणि आधी मोबाइल चार्जिंगला लावा.

ग्रुपवर 'अति तात्काळ' म्हणून आलेला तक्ता सगळ्यात आधी भरा. कालच भरला होता? असू दे, आज रकान्यांचा क्रम बदललाय.

शाळेचा ओळख क्रमांक, म्हणजे यू-डायसचा 11 अंकी कोड, तोंडपाठ हवा. पोरांची नावं विसरलात तरी चालेल.

नावावरून आठवलं. परवा चौथीला अपूर्णांक घेत होते. फळ्यावर चपातीचे चार भाग केले आणि निरोप आला, पोरांचे अपार आयडी, म्हणजे आधारवरून निघणारे विद्यार्थी ओळख क्रमांक, दुपारी दोनपर्यंत पूर्ण करा. एकच पोरगा अडलेला. जनरल रजिस्टरात 'श्रेयस', आधारवर 'श्रेयश'. आई घोडबंदर रोडच्या टॉवरात घरकाम करते. फोन केला तर म्हणाली, "बाई, मागच्याच आठवड्यात खाडा झालाय, आता परत आधारच्या लायनीत कशी उभी राहू?" ओटीपी गेला बापाच्या फोनवर, बाप रिक्षावर. तो मिळाला तेव्हा सर्व्हर झोपला. तासाभराने श्रेयस वही घेऊन आला, "बाई, चपातीचा उरलेला भाग?" म्हटलं, उद्या. आणि त्याचं आधार जुळलं नाही तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, तो मोजलाही जात नाही! माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसतो, खिचडी खातो, भांडतो, पण एका 'श'पायी तो नाहीच!

संकलित चाचणीचे गुण चॅटबॉटवर भरा. उत्तराची वाट बघू नका.

काहीच सुचलं नाही तर 'निरंक' लिहा.

बास झाली थट्टा. साहेब, माहितीशी माझं भांडण नाही. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' या वाचन चाचणीत एका कागदावर अक्षरं, शब्द, उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठे अडतं ते तिथल्या तिथे कळतं, दुसऱ्या दिवशी शिकवणं बदलता येतं. तुम्ही नुसतं घेता. हातच्याच्या वजाबाकीत माझी कोणती पोरं अडतात, हे तुमच्या पोर्टलनं एकदा तरी मला सांगितलंय? 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 काढून बघा. शिकवण्याबाहेरची कामं शिक्षकाला देता येतात ती तीनच: जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका. त्यात तुमचा तक्ता कुठे आहे?

फळ्यावरची चपाती अजून तशीच आहे. उद्या पहिल्या तासाला लिंक पाठवू नका, उघडणार नाही.