लाल गव्हातून आलेली पुस्तकं

"सोलापूरचे? मग कन्नड येतच असेल तुम्हाला."

शिकागो विद्यापीठात दक्षिण आशियावरचं एक खुलं व्याख्यान ऐकून बाहेर पडत होतो. प्रश्न विचारणारी मुलगी अमेरिकन, आणि तिनं विचारलं ते मराठीत. परदेशी भाषा शिकण्यासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीवर तिनं एक उन्हाळा पुण्यात काढला होता. 'येतच'मधला तो 'च' तिनं इतका सहज लावला की खोटं बोलायचं धैर्य झालं नाही. नाही येत, म्हणालो. तेलुगूही येत नाही, हे तिनं विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही.

ते व्याख्यान ठेवणाऱ्या, दक्षिण आशियाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांतल्या केंद्रांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकतो. एक, 'बघा, अमेरिकेतसुद्धा मराठी शिकवतात!' दुसरं, 'यांना आमच्यात नाक खुपसायचं कारण काय?' दुसऱ्या मताच्या टोकाशी, एका अमेरिकन अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेची झालेली मोडतोड आहे. पण कारण विचारणं चूक नाही, आणि कारण काही लपलेलंही नाही. १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. लगेच १९५८ मध्ये शिक्षणाला पैसा देणारा कायदा आला, त्याच्या नावातच 'संरक्षण' हा शब्द होता. जगाच्या एकेका भागाचा अभ्यास करणारी विद्यापीठीय केंद्रं त्या पैशावर वाढली. भाषा शिकवा, संशोधन करा, आणि गावातल्या शाळाशिक्षकांपर्यंत, माझ्यासारख्या उपऱ्यापर्यंतही ते पोचवा, असं काम. मराठीवरच्या प्रेमापोटी यातलं काहीही झालेलं नाही.

ग्रंथालयाची गोष्ट तर आणखी मजेची. रेशनवरच्या लाल गव्हाला नावं ठेवणारी पिढी अजून आहे. अमेरिकेच्या १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली येणाऱ्या त्या धान्याचे पैसे आपण रुपयांत भरायचो. १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून भारतात छापलेली पुस्तकं विकत घेऊन इथल्या विद्यापीठांना धाडायला सुरुवात झाली. म्हणजे आपण गहू खाल्ला आणि त्यांनी आपल्या कादंबऱ्या कपाटात लावल्या. सौदा कोणाला लाभला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता गंमत बघा. घरच्या व्हॉट्सअॅप गटावर एखाद्या शब्दावरून जुंपते. हा शब्द फारसी की अस्सल मराठी? मग कोणीतरी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतली नोंद टाकतं आणि भांडण मिटतं. ती नोंद येते शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून. मोल्सवर्थचं एक वेळ सोडा, साहेबच तो. पण दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आम्ही तिथंच धुंडाळतो.

तिकडे गेली दोन वर्षं भाषेवरून वातावरण तापलेलं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली, आम्ही इथल्या मंडळात पेढे वाटले. मग एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. मागे घेतला हे बरंच झालं, सहा वर्षांच्या पोरावर कशाला ओझं? पण मधल्या दुरुस्तीत एक अट होती: हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं हवीत. त्या अटीवरून सरकारला झोडपलं, ते ठीक. वीस मुलं कन्नड मागतील का, गुजराती मागतील का, हे मात्र आपण स्वतःला विचारलं नाही. बेळगावसाठी १९५६ पासून भांडतो आहोत. तिथलं कन्नड वर्तमानपत्र वाचता येणारे मराठी संपादक किती असतील? आणि हो, मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अभ्यास केंद्र आहे. मी मुंबईत चार वर्षं शिकलो, मला ते इथं आल्यावर कळलं.

विदर्भातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं याचा आनंद आहे. तिथल्या, महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं चरित्र अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्येच इंग्रजीत आणलं होतं. त्या रिद्धपुरात तेलुगूचा भरभक्कम विभाग असावा, विदर्भाला लागूनच तर आहे तेलंगणा. मराठीची सेवा म्हणूनच असावा. शेजाऱ्याची भाषा येत नसेल, तर तो आपल्याबद्दल काय लिहितो हे आपल्याला दिल्लीहून इंग्रजीतच कळणार.

आणि अमेरिकेकडे बघत बसण्यातही आता अर्थ नाही. २०२५ मध्ये इथल्या शिक्षण खात्यानं या केंद्रांचा आणि शिष्यवृत्त्यांचा निधी थांबवला. ती मुलगी पुन्हा पुण्याला जाणार होती, आता बेत रद्द. मराठी चालू ठेवण्यासाठी दर रविवारी माझ्याशी फोनवर बोलते. मी तिच्या चुका काढतो, फार निघत नाहीत.

तिचा तो कन्नडचा प्रश्न मी आईला फोनवर सांगितला. ती हसली. म्हणाली, "अरे, तुला येत होतं की. शाळेत जायच्या आधी पलीकडच्या अक्कांशी तूच तर बोलायचास, मला काही कळायचं नाही."