बादली चालते, कळशी नाही

नमस्कार गिरगावकर,

खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, ‘जुना गिरगावकर’ एवढंच आहे, तेव्हा तसंच म्हणते. उत्तर फार लांबलं म्हणून प्रतिक्रियांच्या खाली न टाकता वेगळं लिहितेय.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. स्त्री-पुरुष समानता नसेल तर समाज टिकाऊ होणार नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, आपल्या आयांच्या वेळचा संसार कुठल्याही समानतेशिवाय आजच्या दसपट टिकाऊ होता. बायका नोकरीला लागल्या आणि घरात पार्सलचे प्लास्टिकचे डबे आले. दुसरं, समानता हा न्यायाचा प्रश्न, त्याला पर्यावरणाचं शेपूट कशाला. तिसरं, मुंबईत समानता आलेलीच आहे, महापालिकेत निम्म्या जागा बायकांच्या, आणखी काय हवं. आणि जाता जाता विचारलंत, सोसायटीतल्या खताच्या हौदांना वास येतो का. ते शेवटी सांगते.

आधी एक कबुली. ‘बायका मुळातच निसर्गाच्या जास्त जवळ असतात’ हे माझं वाक्य तुम्ही नेमकं पकडलंत. ते वाक्य मी मागे घेते. लिहिताना गोड वाटलं, लिहून गेले. मी स्वतः तुळशीच्या पलीकडे कुठलंही झाड जगवू शकलेले नाही.

आता आयांच्या संसाराकडे येऊ. माझं बालपण परळच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, बाबा गिरणीत. तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे, उलट तुम्ही कमीच लिहिलंय. आमच्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा व्हायचा, शिळ्या भाताला फोडणी पडायची. आईच्या फाटक्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं. बाकीचे जुने कपडे बोहारणीकडे जायचे आणि त्याबदली स्टीलचं पातेलं यायचं. त्या पातेल्यासाठी आई तिच्याशी अर्धा तास हुज्जत घालायची. दुधाच्या बाटल्या परत जायच्या, रद्दी तोलून जायची. कचऱ्याच्या डब्यात टाकायला घरात काही उरायचंच नाही.

पण ह्या सगळ्याला लागायचा वेळ. नळाला पाणी पहाटे चारला यायचं, आई साडेतीनला उठायची. रॉकेलची रांग, रेशनची रांग, धुणं, निवडणं, टिपणं, रफू करणं. रात्री सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसायची आणि पातेल्यात जे उरलेलं असेल ते खायची. अन्न वाया जात नव्हतं ते असं. आमच्या घरात काटकसर होती ती एका माणसाच्या झोपेवर आणि पोटावर, आणि त्या माणसाला ‘तुला हे जमेल का’ असं कुणी कधी विचारलं नव्हतं. पन्नाशीत तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. तोवर आम्ही त्या संसाराला टिकाऊ म्हणत होतो.

‘शाश्वत विकास’ हा शब्द मला कधीच नीट गिळता आला नाही. शाश्वत म्हटलं की कीर्तनकार समोर उभे राहतात. आईचा शब्द ‘टिकाऊ’, कापड घेताना ती दोन बोटांत चोळून बघायची तसा. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली त्याची व्याख्या सगळीकडे सांगितली जाते: आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता याव्यात. छान आहे. पण कापड चोळून बघायचंच तर आधी हे बघावं लागेल की आजच्या गरजा कोण भागवतंय आणि त्यात झिजतंय कोण.

१९८२ साली मी आठवीत होते. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. बाबा घरी बसले. त्यानंतर आमचं घर चाललं ते आईच्या पोळ्यांवर. शेजारच्या खानावळवाल्या मावशींना ती पोळ्या लाटून द्यायची, पुढे ऑफिसच्या डब्यांना. गिरणगावात हे नवीन नव्हतं. १९७३च्या संपातही खानावळवाल्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं होतं आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. ते बघूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि ह्या बायकांना बँकेतून कर्ज मिळवून दिलं. शहराचा एवढा मोठा उद्योग बसला तेव्हा त्याला तोलून धरणारी ही व्यवस्था होती, आणि तोपर्यंत ती कुणाच्याच हिशेबात नव्हती. कामगार म्हणजे गिरणीतला पुरुष. त्याला जेवू घालणारी बाई म्हणजे नुसती बाई.

आता तुम्हाला बाबांची गोष्ट सांगते, कारण ह्या उत्तराचं नाव तिच्यावरून आहे. संपाला सहा-सात महिने झाले असतील. आईचा दिवस आता पोळ्यांत जायचा, दुपारी दोनशे पोळ्या, पहाटे पाणी. एक दिवस बाबा उठले आणि नळावर गेले. पण कळशी घेऊन नाही. घरात दोन कळशा होत्या, तरी त्यांनी बादली उचलली. कळशीतलं पाणी हिंदकळत नाही, जिन्यावरून आणायला सोपी. तरी बादलीच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘बादली चालते.’ कळशी कमरेवर घेतलेला पुरुष गॅलरीतून दिसला असता. बादलीवाला पुरुष आंघोळीला चाललाय असं म्हणता येतं. ते जिन्यावर अर्धं पाणी सांडत, वर्षभर बादलीने पाणी भरत राहिले. हसू नका, मला ते फार मोठे वाटतात अजून. पण सांडलेल्या पाण्याचाही हिशेब आहे.

म्हणून पार्सलच्या डब्यांबद्दल. केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आहे. २०२४ सालचे आकडे: घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकाम करतात, पुरुष ८८ मिनिटं. आणि हे ८८सुद्धा जे पुरुष काहीतरी करतात त्यांचेच. काडीही न हलवणारे ह्या सरासरीत धरलेलेच नाहीत. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली तर पुरुषांनीही लगेच आपली नऊ कमी करून घेतली! समानता आली ती अशी.

बाई सकाळी ८:१२ची लोकल पकडून चर्चगेटला गेली, रात्री आठला घरी आली. निवडण्या-टिपण्याचं, कुस्कऱ्याचं, बोहारणीशी हुज्जतीचं काम मागे राहिलं. ते उचलायला घरातलं दुसरं कुणी पुढे झालं नाही, मग ते ॲपवाल्याने उचललं, प्लास्टिकच्या डब्यात घालून. तुम्ही त्या डब्याचा दोष नोकरीला गेलेल्या बाईवर टाकताय. मला त्या डब्यात सोफ्यावर बसलेला माणूस दिसतो.

एक मात्र मान्य करते. दोघं कमावू लागले की घरात पैसा जास्त येतो आणि पैसा आला की एसी येतो, गाडी येते. आमच्याकडेही आला. हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. फक्त एवढंच म्हणेन की एकट्या पुरुषाचा पगार दुप्पट झाला असता तरी एसी आलाच असता, आणि तेव्हा तुम्ही त्याला प्रगती म्हटलं असतंत.

शेपटाचा मुद्दा आता. समानता न्यायासाठीच हवी, ह्याबद्दल वाद नाही. समाज टिकणार नसता तरी ती हवीच होती. पण दोन्हींचा संबंध मी जोडत नाहीये, तो कामात आहेच. मुंबईचं पाणी येतं त्या तानसा आणि भातसा दोन्ही तलावांच्या शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात पाडे टँकरची वाट बघतात. विहीर आटायला लागली हे तिथे आधी कळतं कुणाला? जिला दोर आणखी एक हात सोडावा लागतो तिला. ती निसर्गाच्या जवळ वगैरे काही नाही. तिच्या हातात दोर आहे, बस. पण विहिरीचं, बोअरवेलचं, बंधाऱ्याचं ठरवायला बसतात ते ज्यांच्या हातात दोर नसतो ते. माहिती एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे असेल तर विहीर न्यायासाठी थांबत नाही, ती आटते.

ह्यावर अभ्यासही झालाय. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर द्युफ्लो ह्या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या, २००४ मध्ये त्यांचा निबंध आला. आरक्षणामुळे जिथे प्रमुखपद बाईकडे गेलं तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली, दोन्हीकडे. रस्त्यांचं मात्र गमतीदार आहे. बंगालमध्ये बाई प्रमुख असताना रस्ते सुधारले, राजस्थानात नाही. कारण बंगालमध्ये रस्त्यांची मागणी बायका जास्त करत होत्या आणि राजस्थानात पुरुष. म्हणजे बायकांना उपजत पाणी कळतं असं काही नाही. ज्याला जे रोज करावं लागतं, त्याला त्याचं कळतं. माझं ते मागे घेतलेलं वाक्य इथेच मेलं, बघा.

त्यामुळे महापालिकेतल्या निम्म्या जागांची मी थट्टा करणार नाही. २०१२च्या निवडणुकीपासून त्या आहेत आणि त्या हव्यातच. पण मार्च २०२२ नंतर काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, तेव्हा निम्म्या जागा म्हणजे शून्याच्या निम्म्या होत्या. आणि २०११ मध्ये ह्याच शहरात बायकांना ‘राइट टू पी’ची मोहीम काढावी लागली, कारण सार्वजनिक मुतारीत पुरुषाला फुकट आणि बाईला पैसे. दिवसभर रस्त्यावर भाजी-मासळी विकणारी बाई पाणीच पीत नाही, हा तिने शोधलेला उपाय. समानता आलीच आहे म्हणता, ती कुठल्या स्टेशनला उतरली ते मला कळवा.

आता हौद. ती गोष्ट मागच्या लेखात मी अर्धीच सांगितली होती.

२०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या किंवा रोज शंभर किलोहून जास्त ओला कचरा करणाऱ्या, सांगितलं की तुमचा ओला कचरा तुम्हीच जिरवा. आमची कमिटी बसली. कायद्याने कमिटीत दोन जागा बायकांना ठेवाव्या लागतात. आमच्याकडे त्या दोघींच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जायच्या. मग पुरुषमंडळींनी विजेवर चालणारं खताचं मशीन आणलं. नारळ फोडला, फोटो काढले. झाडलोट करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या शेंड्या ह्यात अडकणार. शिवाय कचरा खाली येतो नऊला आणि त्यांची सुट्टी साडेआठला. कुणी ऐकलं नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आठ महिन्यांत मशीन बंद. अजून पंपरूमच्या शेजारी ताडपत्री पांघरून उभं आहे. आमच्या इमारतीतली मुलं त्याला ‘काका’ म्हणतात.

त्याच मावशींनी पुढे सुचवलं, गावाकडे उकिरडा असतो तसं करा की. पण एकाआड एक विटा सोडून बांधलेले हौद, म्हणजे हवा खेळेल. ओल्या कचऱ्यावर सुक्या पाल्याचा थर, आठवड्यातून एकदा खालीवर. ह्या कामात मुंबईत बायकांचा हात कधीचा बसलाय. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’मधून कचरा वेचणाऱ्या बायकांना खताचं आणि बायोगॅसचं शिक्षण दिलंय. आमच्या मावशी मात्र उकिरड्याच्याच शाळेतल्या. त्यांची वेळ बदलून दिली, पगार वाढवून दिला. हे दुसरं सांगायला कमिटीत भांडावं लागलं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तर वास. पहिला महिना आला, खोटं सांगत नाही. तेव्हा पाला कमी पडत होता आणि लोक आमटीसकट सगळं ओतत होते. आता येत नाही. पावसाळ्यात वर पत्रा लागतो, नाहीतर पाणी साचून चिलटं होतात. आंबट ताक शिंपडलं तर लवकर कुजतं.

तुम्ही लिहिलंयत, ‘आमची ही अजून दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत घालते.’ त्यांना ही प्रतिक्रिया दाखवली होतीत का? रविवारी सकाळी दहाला आम्ही हौद खालीवर करतो. दोघं या. पाला सध्या आमच्याकडे उरलाय, हवा असेल तर पोतं घेऊन या. आणि पोतं खांद्यावर नाही घेतलंत तरी चालेल, आमच्याकडे हातगाडी आहे.