वडिलांची सही मागण्याआधी

आमच्या भावकीच्या ग्रुपवर महिन्याभरात तीनदा येऊन गेलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्याचा मतलब असा: आईवडील किंवा आजीआजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधी गोव्यात जन्मले असतील तर तुम्ही जन्मतःच पोर्तुगीज आहात. लिस्बनला नुसती नोंद करायची, सहा महिन्यांत पासपोर्ट हातात. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं, म्हणून भारतीय पासपोर्ट सोडायची गरज नाही. बायकोमुलांना आपोआप मिळतं. मग लंडनला नोकरी. आणि शेवटी, वसई-रेवदंड्याकडचे लोकही यात बसतात.

मी मूळचा डिचोलीचा, आता पुण्यात असतो. वडील १९४९ साली डिचोलीत जन्मले. म्हणजे हा मेसेज थेट आमच्या घरासाठीच लिहिल्यासारखा. पुतण्यानं तो वाचला आणि आजोबांच्या जन्मदाखल्याची चौकशी सुरू केली. म्हणून मी कायदे काढून बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी शेवटचा दावा, कारण तो लगेच निकालात निघतो. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये, आणि चौल-कोर्लई, म्हणजे रेवदंड्याचा परिसर, त्याच्या पुढच्या वर्षी मराठ्यांकडे आला. १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिला तो गोवा, दमण आणि दीव. किल्ला पोर्तुगीज आहे आणि आडनाव डिसोझा आहे म्हणून कुणाला नागरिकत्व मिळत नाही. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग यांचंही तेच, तिथे पोर्तुगीज अंमल नव्हता. पेडण्याच्या लोकांनी मात्र एक गोष्ट तपासावी. सून बाळंतपणाला माहेरी सावंतवाडीला गेली आणि आजोबा तिथेच जन्मले, असं कितीतरी घरांत झालेलं आहे. मग आजोबांचा जन्म पोर्तुगीज हद्दीबाहेरचा ठरतो आणि धागा पणजोबांपर्यंत न्यावा लागतो.

आता 'जन्मतः पोर्तुगीज'. हा दावा पोर्तुगालच्या बाजूनं बराचसा खरा आहे, म्हणूनच बाकीच्या ओळींवर लोकांचा विश्वास बसतो. १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या पोर्तुगीज नागरिकाच्या मुलानं आपला जन्म तिथल्या नोंदवहीत उतरवून घेतला, तर तो मूळचाच पोर्तुगीज धरला जातो. १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले मानतो. पण 'किंवा आजीआजोबा' असं जे सहज म्हटलंय ते तितकं सोपं नाही. नातवानं मधली पिढी सोडून थेट अर्ज केला, तर नातवंडांसाठी वेगळी तरतूद लागू होते आणि तिच्यात पोर्तुगीज भाषा पुरेशी येत असल्याचा पुरावा लागतो. त्यामुळे बहुतेक घरं पायरीपायरीनं जातात. आधी वडिलांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवायचा, मग आईवडिलांचं लग्न, मग आपला जन्म.

इथेच सहा महिन्यांचं गणित कोसळतं. लग्न नुसतं मांडवात लागलं आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोघांच्या सह्या झाल्याच नाहीत, की साखळी तुटली. जुनी नोंद तालुक्याच्या कार्यालयातून पणजीच्या पुराभिलेखात गेलेली असते, ती शोधायला हेलपाटे. आणि नावं! पोर्तुगीज कारकुनानं कामताचा 'कामोतीं' केला, प्रभूचा 'पोरोब' केला. आज आधारवर कामत आणि जन्मनोंदीत कामोतीं. हा माणूस तोच, हे लिस्बनच्या अधिकाऱ्याला कागदानंच पटवावं लागतं. एका अक्षराच्या फरकानं फाइल परत येते. सहा महिन्यांची हमी देणारा एजंट अशी हमी देतो, जी त्याच्या हातातच नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे दोन पासपोर्टची. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं, हे खरं. पण प्रश्न भारताचा आहे, आणि भारताला ते चालत नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: जो भारतीय नागरिक स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतो, मग ते देशीयकरणानं असो, नोंदणीनं असो की अन्य कुठल्याही मार्गानं, त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. अर्ज करायला नको, कुणी सांगायला नको, ते संपतंच. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात तर परदेशी पासपोर्ट घेणं हाच त्याचा निर्णायक पुरावा धरलाय, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं इझहार अहमद खान खटल्यात हा नियम वैध ठरवला.

यावर गोव्यात हमखास ऐकू येणारं उत्तर असं: आम्ही नवं काही घेतलंच नाही, आम्ही आधीपासून पोर्तुगीज होतो, मग 'स्वेच्छेनं घेतलं' कसं? युक्तिवाद हुशार आहे, मलाही पहिल्यांदा पटला होता. पण १९६२ चा गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश वाचला की तो टिकत नाही. जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील, आजीआजोबा यांपैकी कुणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक धरला गेला. ज्यांना जुनं नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांना लेखी कळवण्यासाठी आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना दिला होता. तो महिना कधीच गेला. भारताच्या लेखी आपण भारतीय आहोत, आणि आज पोर्तुगीज पासपोर्टसाठी केलेली सही ही आज, आपल्या मर्जीनं केलेली सही आहे. पोर्तुगाल आपल्याला काय समजतो, याला भारताचा कायदा बांधील नाही.

मग नुसती लिस्बनला नोंद केली, पासपोर्ट काढलाच नाही तर? मेसेजमधला 'नुसती' हा शब्द माणसाला फसवतो तो इथे. पासपोर्टचा नियम तिथे लागत नाही, पण कलम ९ मध्ये 'नोंदणी' हा शब्द आहेच. नागरिकत्व गेलं की नाही असा प्रश्न उभा राहिला तर त्याचा निर्णय केंद्र सरकार चौकशी करून देतं. म्हणजे ती नोंद म्हणजे एक उघडा प्रश्न, जो कुणीही, कधीही तक्रार करून उकरून काढू शकतो.

आणि हा प्रश्न सगळ्यात आधी कुणाच्या नावावर उघडतो? वडिलांच्या. जायचं असतं मुलाला, नोंद होते बापाची. मुलगा तिकडे गेला की त्याला नवा पासपोर्ट आहे, नोकरी आहे. वडील इथेच आहेत. त्यांचं नाव मतदार यादीत आहे, त्यांची पेन्शन आहे, कदाचित ते पंचायतीचे सदस्यही असतील. मेसेजमध्ये वडील म्हणजे एक दाखला आणि एक सही, बस. त्या माणसाला हे हवंय का, हे विचारायची ओळच त्यात नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

पासपोर्ट लपवायचा सल्लाही काही जण देतात. लपवून भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. नागरिक नसताना मतदार यादीत नाव ठेवण्यासाठी खोटं निवेदन दिलं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गेल्या काही वर्षांत गोव्यात पुष्कळांचे पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी थेट रद्द केले गेले. मग त्यांना सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत दिल्याचा दाखला, मिळेना, आणि त्यावाचून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचं काम अडलं. परदेशी नागरिकत्व घेतल्याबरोबर भारतीय पासपोर्ट सरेंडर केला असता, तर यातलं बरंचसं टळलं असतं.

ओसीआय कार्ड म्हणजे दुसरं नागरिकत्व, असंही सांगितलं जातं. तेही खोटं. ते आयुष्यभराचा व्हिसा आहे. मत देता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, वारशानं येईल, पण शेजारचं विकायला निघालं तर ते घेता येणार नाही.

लंडनबद्दल थोडक्यात. एक काळ होता की गोव्यातला माणूस पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन, पोर्तुगालमध्ये पाऊलही न ठेवता, साउथॉलला किंवा स्विंडनला जाऊन कामाला लागायचा. स्विंडनमध्ये आजही गोंयकारांची मोठी वस्ती आहे. पण ब्रिटन युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं आणि मोकळ्या ये-जाचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्याआधी तिथे राहत असलेल्यांनी पुढेही तिथेच राहता यावं म्हणून सेटलमेंट योजनेत अर्ज करायची मुदत ३० जून २०२१ होती. आज नव्यानं जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला तिथे कामासाठी व्हिसा लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून नुसतं फिरायला जायलाही आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. पोर्तुगीज पासपोर्टवर हक्कानं काम करता येतं ते पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स अशा संघातल्या देशांत. ज्यांना तिथे जायचंय त्यांच्यासाठी हा मार्ग खराखुरा आहे आणि तो घेणाऱ्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही.

बायकोला आपोआप काही मिळत नाही. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर तिला स्वतःचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिचंही भारतीय नागरिकत्व जाणार हे तिनं समजून ठरवावं लागतं. तिनं भारतीयच राहायचं ठरवलं तरी संघातल्या दुसऱ्या देशात नवऱ्यासोबत राहायला कुटुंबीय म्हणून निवास कार्ड मिळतं. मुलांची जन्मनोंद एकेकाची वेगळी होते.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं, मग तो डिचोलीला जाऊन आजोबांसमोर बसला. कलम ९ त्यानं स्वतः वाचून दाखवलं. वडिलांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे माझं मत जाईल?" पुतण्या म्हणाला, "जाईल असं नाही आजोबा, पण प्रश्न उभा राहू शकतो." वडिलांनी दाखला परत फायलीत ठेवला आणि म्हणाले, निवडणुकीनंतर बोलू.