'नुसत्या गप्पा' आणि पंचेचाळीसचा आकडा

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे गोळ्या लिहिता न येणारा अर्धा डॉक्टर, छोटासा कोर्स केला की कोणीही होतो. गप्पाच मारायच्या तर घरची माणसे आहेत. आणि मुलांच्या चाचण्यांत आकडेच असतात, त्यांना भाषेचे काय, असे त्याचे सार आहे. याच भागात मी हे काम करते, म्हणून हे उत्तर.

गोळ्या आम्ही लिहीत नाही, हे खरे. तो मनोविकारतज्ज्ञांचा अधिकार आहे आणि आपल्या क्षेत्राबाहेरचे औषध सुचवण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे. गवंडी वायरिंग करत नाही म्हणून त्याला कोणी अर्धा इलेक्ट्रिशियन म्हणत नाही. पात्रताही त्याच कायद्यात दिली आहे: मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालील रुग्णकामासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., किंवा भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली या विषयातील पात्रता.

घरच्या माणसांचा मुद्दा मात्र अपायकारक आहे. मंत्रचळाने, म्हणजे तीच शंका पुन्हा पुन्हा छळणाऱ्या विकाराने, त्रासलेल्या माणसाने 'गॅस बंद केला ना?' असे विसाव्यांदा विचारले की घरचे मायेने 'केला, केला' म्हणतात, त्याला घटकाभर बरे वाटते आणि त्या दिलाशाची सवय लागल्यामुळेच शंका पुन्हा डोके वर काढते. म्हणून शंका मनात असतानाही उठून न पाहण्याचा सराव त्याच्याकडून टप्प्याटप्प्याने करून घ्यावा लागतो, आणि घरच्यांना ते 'केला' म्हणणे थांबवायला शिकवावे लागते, जे बहुधा अधिक अवघड जाते.

फी आणि धारवाडच्या फेऱ्या परवडत नाहीत, ही संदेशातील तक्रार रास्त आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. चाचणी मात्र समोरासमोरच घ्यावी लागते.

आता भाषा. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी या भागातील मुलांसाठी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत बेतली. तिथे नुसते भाषांतर पुरत नाही, कारण एका भाषेत सहा वर्षांच्या मुलाला सहज कळणारा शब्द दुसऱ्या भाषेत नऊ वर्षांच्या मुलालाही अडू शकतो. राहिले आकडे. मराठीत 'पंचेचाळीस' म्हणताना पाच आधी येतो, तर कन्नडमधील 'नलवत्तैदु'मध्ये चाळीस आधी. घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेल्या मुलाने ४५ ऐवजी ५४ लिहिले, तर त्याला अध्ययन अक्षमता आहे की दोन भाषांच्या उलटसुलट क्रमात तो गोंधळला आहे, हे उत्तरपत्रिकेवरून सांगता येत नाही. असे मूल आले की तेच आकडे त्याच्याकडून दोन्ही भाषांत, वेगवेगळ्या दिवशी वदवून आणि लिहून घेतल्याखेरीज मी अहवालावर सही करत नाही.