हेलिकॉप्टरचे दिवस भरलेले नाहीत

अमेरिकी लष्कराने डिसेंबर २०२२ मध्ये ब्लॅक हॉक या हेलिकॉप्टरचा वारस म्हणून बेल कंपनीचं व्ही-२८० हे टिल्टरोटर निवडलं. तेव्हापासून एक दावा मराठीतही जोरात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: टिल्टरोटर हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी वर उठतं आणि विमानासारखं पळतं. वेग दुप्पट, पल्ला दुप्पट. ऑस्प्रे या आधीपासून सेवेत असलेल्या अमेरिकी टिल्टरोटरचे अपघात म्हणजे नव्या तंत्रज्ञानाचे बालरोग. अमेरिकेने निकाल दिलेला आहे आणि आपण मात्र अजून हेलिकॉप्टरांवर हजारो कोटी ओततो आहोत.

पहिलं वाक्य अगदी खरं आहे. त्यानंतर दावा घसरत जातो.

वेगापासून सुरुवात करू, कारण तिथे टिल्टरोटरची बाजू खरोखर भक्कम आहे. हेलिकॉप्टर पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे फिरतं. वेग वाढत गेला की मागे फिरणाऱ्या पात्यावरून पुरेशी हवा वाहत नाही आणि त्याची उचल ढासळते. त्यामुळे साधारण हेलिकॉप्टर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास अडतं. टिल्टरोटर पंखे पुढे वळवून ही अडचण मुळातच टाळतं, म्हणून ऑस्प्रे ताशी ५०० च्या घरात जातं. मार्च २०११ मध्ये लिबियात अमेरिकेचं एफ-१५ई हे लढाऊ विमान पडलं, तेव्हा त्याच्या वैमानिकाला समुद्रातल्या कीअरसार्ज या जहाजावरून गेलेल्या ऑस्प्रेंनीच उचलून आणलं. अशा कामाला त्याच्या तोडीचं दुसरं यंत्र नाही.

पण दुप्पट वेग म्हणजे दुप्पट उपयोग नव्हे. ४०० किलोमीटरवर जायचं असेल तर ऑस्प्रेला सुमारे ४८ मिनिटं लागतील आणि ब्लॅक हॉकला ८५. हा फरक जीव वाचवणारा आहे. तेच अंतर ५० किलोमीटर असेल तर फरक पाचेक मिनिटांवर येतो, आणि त्यातलीही काही पंखे फिरवून पुन्हा उभे करण्यात जातात. लष्करी हेलिकॉप्टरांची कितीतरी कामं याच छोट्या अंतरातली असतात: चौकीवर रसद टाकणं, जखमी उचलणं, डोंगरापलीकडे तोफ नेऊन ठेवणं.

आता दाव्यातला सगळ्यात फसवा भाग. 'हेलिकॉप्टर जे करतं ते सगळं टिल्टरोटर करतं, वर वेगही देतं.' म्हणजे वेग फुकटात मिळाला! हवेत फुकट काही मिळत नाही, आणि इथली किंमत कागद-पेन्सिलीने काढता येते.

ब्लॅक हॉकच्या रोटरचा, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पंख्याचा, व्यास १६.३६ मीटर. तो फिरताना व्यापतो ते वर्तुळ सुमारे २१० चौरस मीटरचं. ऑस्प्रेचे दोन रोटर प्रत्येकी ११.६ मीटरचे. दोघांचं मिळून क्षेत्रफळ काढा: २११ चौरस मीटर. जवळजवळ तेवढंच! पण ब्लॅक हॉकचं कमाल वजन दहा टनांच्या आत आहे, आणि ऑस्प्रे जागच्या जागी उठताना जवळजवळ २४ टनांपर्यंत भरलेलं असतं. तेवढ्याच हवेच्या आधारावर दुपटीहून जास्त वजन तोलायचं, तर ती हवा फार जोराने खाली फेकावी लागते. समुद्रसपाटीवरचा सैद्धांतिक हिशेब केला, तर पूर्ण भरलेल्या ब्लॅक हॉकखालचा झोत ताशी शंभरेक किलोमीटरचा येतो आणि ऑस्प्रेखालचा दीडशेचा. शिवाय रोटरच्या खालीच पंख आडवा असतो, म्हणून उचलीचा काही भाग स्वतःच्याच पंखावर वाया जातो. रोटर मोठा करून हे टाळता आलं असतं, पण मग तो जहाजाच्या डेकवर मावला नसता आणि विमानासारखं उडताना नीट चाललाही नसता.

त्या झोताचे परिणाम लोकांनी अनुभवले आहेत. मे २०१० मध्ये न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एका उद्यानात प्रदर्शनासाठी ऑस्प्रे उतरलं, तेव्हा झाडांच्या फांद्या तुटून दहा जण जखमी झाले. एप्रिल २०२१ मध्ये केंब्रिजच्या अॅडनब्रुक्स रुग्णालयाचं हेलिपॅडच ऑस्प्रेच्या झोताने उखडलं आणि पेशंट आणणाऱ्या हवाई रुग्णवाहिकांना काही दिवस विमानतळावर उतरावं लागलं. ज्या हेलिपॅडवर रुग्णवाहिकांची हेलिकॉप्टरं नेहमी उतरत होती, ते एका ऑस्प्रेने उडवून लावलं. पुराच्या पाण्यात छपरावर बसलेल्या माणसावर हा झोत आला तर काय होईल, याचा विचार 'सगळं करतं' म्हणण्याआधी करायला हवा.

उंचीचंही तेच. ऑस्प्रे विमानासारखं उडताना २५ हजार फुटांपर्यंत जातं, हा आकडा दाव्यात हमखास असतो. पण जमिनीचा आधार नसताना एका जागी हवेत थांबण्याची मर्यादा निर्मात्यांनीच ५,४०० फूट दिली आहे. कळसूबाईची उंची तेवढीच आहे, १,६४६ मीटर. वजन कमी केलं तर मर्यादा वाढते, पण मग न्यायचं काय?

'अपघात हे बालरोग' या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण त्यात माणसं गेली आहेत. ऑस्प्रेचं पहिलं उड्डाण मार्च १९८९ मध्ये झालं. एप्रिल २००० मध्ये अॅरिझोनातल्या मराना इथे चाचणीत १९ मरीन सैनिक गेले. हे विकासाच्या काळातलं म्हणून एक वेळ बाजूला ठेवू. पण २००७ पासून ऑस्प्रे सेवेत आहे. त्यानंतर मार्च २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या दीड-पावणेदोन वर्षांत नॉर्वेत ४, कॅलिफोर्नियात ५, ऑस्ट्रेलियात ३ आणि जपानच्या याकुशिमाजवळ ८ असे २० जण गेले. कॅलिफोर्नियातल्या अपघाताचं कारण क्लचचा दोष होतं, आणि तो दोष २०१० पासून माहीत होता. याकुशिमाला गिअरबॉक्समधलं दातेरी चाक तडकलं. त्यानंतर सगळा ताफा तीन महिने जमिनीवर होता. सोळा वर्षं सेवेत असलेल्या यंत्राच्या आजाराला बालरोग म्हणत नाहीत.

उलट बाजूचे लोक ऑस्प्रेला 'उडती शवपेटी' म्हणतात, तेही मला पटत नाही. नॉर्वेतला अपघात यंत्राने नव्हे, दरीतल्या उड्डाणातल्या चुकांमुळे झाला. व्ही-२८० मध्ये इंजिन आडवंच राहतं, फक्त रोटर वळतो, म्हणजे ऑस्प्रेपासून धडा घेतलेला आहे. पण एक फरक रचनेतलाच आहे. दोन्ही इंजिनं बंद पडली तरी हेलिकॉप्टर वाऱ्यावर पाती फिरवत खाली येऊ शकतं. ऑस्प्रे विमानाच्या अवस्थेत तरंगत येऊ शकतं, पण पंखे उभे असताना तसं झालं तर? १,६०० फुटांच्या खाली वाचण्याची शक्यता कमी, असं अमेरिकी संरक्षण खात्याच्या २००५ च्या चाचणी अहवालातच म्हटलं आहे.

'अमेरिकेने निकाल दिला' हे तर अर्धवट वाचन आहे. व्ही-२८० ब्लॅक हॉकच्या काही कामांसाठी आहे. चिनूक आणि अपाची ही हेलिकॉप्टरं जागच्या जागी आहेत. सगळ्यात जास्त ऑस्प्रे उडवणारी मरीन कोअर जड ओझ्यासाठी सीएच-५३के हे हेलिकॉप्टर विकत घेते आहे, इस्रायलनेही तेच घेतलं. राष्ट्राध्यक्षांचे कर्मचारी आणि सुरक्षारक्षक ऑस्प्रेतून जातात, स्वतः राष्ट्राध्यक्ष हेलिकॉप्टरमधून. अमेरिकेबाहेर ऑस्प्रे घेणारा देश एकच, जपान. टेहळणीच्या नव्या हेलिकॉप्टरचा कार्यक्रम अमेरिकी लष्कराने फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळला खरा, पण ती जागा ड्रोन आणि उपग्रहांनी घेतली, टिल्टरोटरने नव्हे.

राहिला भारत. मार्च २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सला १५६ प्रचंड हेलिकॉप्टरांचं ६२,७०० कोटींचं काम मिळालं, त्यावर 'कालबाह्य' असा शिक्का मारला जातो. प्रचंड हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर आहे. त्याच्या कामाचं टिल्टरोटर आज जगात कुठल्याच सैन्याच्या सेवेत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गॅल कन्स्ट्रक्टर हा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नौका, पालघरच्या किनाऱ्याकडे भरकटला, तेव्हा त्यावरच्या १३७ जणांच्या सुटकेत सी किंग आणि चेतक या जुन्या हेलिकॉप्टरांचा मोठा वाटा होता.

सियाचीनवर वीस हजार फुटांच्या आसपास टेबलाएवढ्या जागेत उतरतं ते चीता. मूळचं फ्रेंच लामा, भारतीय सैन्याच्या उंचावरच्या गरजेसाठीच घडवलेलं, १९६९ मध्ये पहिल्यांदा उडालेलं. त्याच लामाने १९७२ मध्ये १२,४४२ मीटरचा विक्रम केला होता. आपला खरा प्रश्न इथे आहे. चीता म्हातारं झालं आहे, आणि त्याची जागा घ्यायला बांधलेलं स्वदेशी हलकं हेलिकॉप्टर २०१६ मध्ये उडालं असलं, तरी बर्फातल्या चौक्यांवर जाणारे आपले वैमानिक अजून साठच्या दशकातल्या आराखड्यावरच विसंबून आहेत.