'आधी बीज एकले' गाथेत शोधून पाहा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा तोच मजकूर फिरतोय. सारांश असा: प्रभात फिल्म कंपनीच्या काळातले चरित्रपट खरे होते, त्यात पदरचं एक अक्षर नसायचं. म्हणून तेव्हा वादही होत नसत. आताचे दिग्दर्शक मनाला येईल ते घुसडतात. तेव्हा यापुढे घरच्यांच्या संमतीशिवाय कोणाच्या आयुष्यावर सिनेमा काढू देऊ नये. आणि शेवटी, जोडलेल्या हातांच्या दोन चित्रांमध्ये: 'आधी बीज एकले – जगद्गुरू तुकोबाराय'.

इथूनच सुरुवात करू. ती ओळ तुकोबांची नाही. शांताराम आठवले यांनी ती प्रभातच्या 'संत तुकाराम'साठी लिहिली, १९३६ साली. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी ती अशी काही बसली की भल्याभल्यांनी तिला गाथेत जागा दिली. आमच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फडताळातून गाथा काढली, चष्मा पुसला, अर्धा तास पानं उलटली आणि पोथी मिटत म्हणाले, "दुसऱ्या प्रतीत असेल." म्हणजे ज्या काळात 'पदरचं एक अक्षर नव्हतं' म्हणतात, त्या काळातलं पदरचं गाणंच मजकुराच्या शेवटी मिरवतंय.

बरं, गाणं एक वेळ सोडा. सालोमालोचं काय? दुसऱ्याची कविता आपली म्हणून खपवणारा म्हणून हे नाव गाथेत येतं, तेवढंच. चित्रपटात त्याचा पुरता खलनायक झाला, डाव टाकणारा, जळणारा, शेवटपर्यंत हसवणारा. बाकीचा मोठा भाग आला तो संतचरित्रकार महिपतीबोवांनी सांगितलेल्या परंपरेतून. तुकोबांचं वैकुंठगमन १६५० चं, महिपतीबोवांचा 'भक्तविजय' १७६२ चा. मधे शंभरावर वर्षं. याला कोणी कागदोपत्री पुरावा म्हणणार असेल तर हात जोडले.

आणि तुकोबांची बायको आवली? पोर आजारी, घरात दाणा नाही, तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन देवळात शिरते, थेट विठोबासमोर. नटी गौरी त्या प्रसंगात अभिनय करतेय असं वाटतच नाही. आपल्या वाड्यातलीच कुणी बाई भांडायला निघालीय असं वाटतं. तिच्या तोंडचे शब्द तीनशे वर्षांपूर्वी देहूत कोणी टिपून ठेवले नव्हते. ते पटकथाकार शिवराम वाशीकरांच्या लेखणीतून आले. पण त्यामुळेच तुकोबांच्या संसाराची ओढाताण आपल्याला कळते, नुसत्या अभंगांच्या माळेतून ती इतकी कळली नसती. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. मला वाटतं, त्या परक्या लोकांनाही आधी आवलीच कळली असणार.

'तेव्हा वाद नव्हते' हे तर एका नावात निकालात निघतं. १९३५ साली प्रभातच्याच व्ही. शांतारामांनी संत एकनाथांवर चित्रपट केला, बालगंधर्वांना घेऊन. त्याचं नाव होतं 'महात्मा'. ते ऐकून गांधीजी आठवतील, म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि चित्रपट 'धर्मात्मा' या नावाने लागला.

आताच्या दिग्दर्शकांबद्दलची तक्रार मात्र सगळीच खोटी नाही. 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानी मिळून पिंगा घालतात, तेव्हा मीही खुर्चीत चुळबुळलो होतो. पण चुळबूळ कशाची, ते नीट बघू. प्रसंग कल्पित आहे, याची नव्हे. तो चित्रपट मुळात ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवरून केलेला, म्हणजे कल्पनेवर कल्पना. खटकलं ते हे की त्या पिंग्यातली काशीबाई कुठल्याच पेशवीण बाईसारखी वाटत नाही. आठवल्यांची ओळ तुकोबांना शोभते, हा पिंगा काशीबाईंना शोभत नाही. दोन्ही पदरचंच. उलट 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त फाळक्यांच्या हालअपेष्टा चक्क हसतखेळत सांगितल्यात, त्यातही पदरचं भरपूर असणार, पण तिथे कोणाला खटकलं नाही.

राहिला संमतीचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. घरच्यांनी सिनेमा करूच नये असं नाही. 'मी वसंतराव'मध्ये राहुल देशपांडे स्वतःच्या आजोबांची भूमिका करतात, 'महाराष्ट्र शाहीर' शाहीर साबळ्यांच्या नातवाने, केदार शिंदेंनी केला. तिथे जिव्हाळा आहेच. पण किल्ली कायम घरच्यांच्याच कनवटीला राहिली तर प्रत्येक माणूस पडद्यावर न्हाऊन-माखून, भांग पाडूनच येणार.

नटी हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रात आपलं आयुष्य सांगितलं: नवरा, दारू, घर सोडून जाणं, परत येणं, काहीही न झाकता. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला. नावं बदलली, बाईची उषा झाली, स्मिता पाटीलने ती उभी केली. हंसाबाई १९७१ लाच गेल्या होत्या. मजकुरातला नियम तेव्हा असता तर संमतीपत्रावर सही कोणाची घ्यायची होती, ज्या घरातून त्या पुन्हा पुन्हा निघून गेल्या त्या घराची?