रिकॉलचं पत्र आलंय? मग एअरबॅग बदलून घ्याच

गेले काही दिवस एक मेसेज गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. मथळा ठळक अक्षरांत: 'कंपनी फुकट दुरुस्ती देतेय? फसू नका!' देवस्थानाच्या ग्रुपवर आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला आणि परवा डिचोलीला काकींच्या फोनवर पोचला. त्यांच्या जुन्या गाडीची ड्रायव्हरकडची एअरबॅग कंपनी रिकॉलमध्ये, म्हणजे सदोष भाग बदलायला गाड्या परत बोलावल्या त्यात, फुकट बदलून देणार होती, तारीखही ठरली होती. मेसेज वाचून त्यांनी फोन केला आणि तारीख रद्द केली. आता ती पुन्हा घेतली आहे. पण असे फोन आणखी किती घरांतून गेले असतील या विचाराने चीड येते, म्हणून हे उत्तर.

मेसेजमध्ये म्हटलंय ते असं. फुकट दुरुस्ती घेतली की भरपाईचा हक्क संपतो, म्हणून कशावर सही करता ते वाचा. कायद्याने नवी गाडी मिळते, ती घालवू नका. जुना भाग काढून नेतात तो पुरावा नष्ट करायला. फुकट म्हणून हलका माल बसवतात. बोलावतात ते दुसरी कामं गळ्यात मारायला. आणि शेवटी: 'दहा वर्षं काही झालं नाही म्हणजे तुमची एअरबॅग चांगलीच आहे. तरी भीती वाटली तर ओळखीच्या मेकॅनिककडून फ्यूज काढून घ्या, प्रश्न मिटला.'

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्यात माणूस मरू शकतो.

ज्या एअरबॅगांमुळे जगभर रिकॉल निघाले, त्या जपानच्या टाकाटा कंपनीच्या. दोष कापडी पिशवीत नाही, पिशवीमागच्या इन्फ्लेटरमध्ये आहे. इन्फ्लेटर म्हणजे धातूची बंद डबी, आत अमोनियम नायट्रेटच्या गोळ्या. धडक बसली की करंट येतो, पलिता पेटतो, गोळ्या जळून वायू होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. गोळ्या ठरलेल्या वेगाने जळल्या तरच हे नीट होतं. अमोनियम नायट्रेट मात्र हवेतला ओलावा ओढून घेतं. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, सकाळी पुन्हा तापायचं, असं वर्षानुवर्षं झालं की गोळी भुसभुशीत होते, तिला भेगा पडतात. चुलीत ओंडका घातला तर तो हळूहळू धरतो, त्याचाच भुसा टाकला तर भसकन पेटतो. इथे तसंच होतं. डबीतला दाब इतका चढतो की वायू भोकांतून बाहेर पडायच्या आधी डबीच फुटते. धातूचे तुकडे पिशवी फाडून मानेत, तोंडात, छातीत घुसतात. एरवी ज्या धडकेत बंपर बदलून भागलं असतं, तशा धडकेत माणसं मान चिरून मेली आहेत. अमेरिकेत असे किमान 28 मृत्यू नोंदले गेले. मलेशियातही 2014 पासून असे मृत्यू झाले, आणि तिथली हवा आपल्यासारखीच, उष्ण आणि दमट.

म्हणूनच 'दहा वर्षं काही झालं नाही' हा दिलासा नाही. या भागाचा धोका वयाबरोबर वाढतो. वाहन कंपन्यांनी मिळून नेमलेल्या स्वतंत्र तपास गटाने 2016 मध्ये तीन कारणं एकत्र सांगितली: अमोनियम नायट्रेट, ओलावा आत शिरू देणारी डबीची रचना, आणि उष्ण दमट हवेत गेलेली वर्षं. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने तर गरम आणि दमट किनारी राज्यांतल्या गाड्या सगळ्यांत आधी बोलावल्या. त्याच खात्याने जून 2016 मध्ये 2001 ते 2003 च्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांबद्दल सांगितलं की एअरबॅग उघडली तर इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता 50 टक्क्यांपर्यंत आहे. यातल्या कितीतरी गाड्या तोवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालल्याच होत्या.

आता आपल्याकडे बघा. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मे महिन्यात कळंगुटला किंवा कोलव्याला उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि रात्री तीच गाडी अंगणात दवात उभी असते. हा भाग खराब व्हायला यापेक्षा वाईट हवा शोधावी लागेल. गोव्यातल्या गाडीवाल्याने रिकॉलचं पत्र पुढे ढकलू नये, त्याचं कारण हे.

'डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझलेला आहे, म्हणजे सगळं ठीक' असंही काहीजण त्याच मेसेजखाली लिहितायत. तो दिवा विजेचं सर्किट तपासतो: वायर तुटली आहे का, पलित्याचा रोध दोन-तीन ओहमच्या आसपास आहे का, एवढंच. गोळ्या भुसभुशीत झाल्या आहेत हे त्याला कळत नाही. ते गॅरेजच्या स्कॅनरलाही कळत नाही आणि बाहेरून बघून तर कुणालाच नाही.

फ्यूज काढण्याचा सल्ला ज्याने लिहिला, त्याला त्या फ्यूजवर काय काय चालतं हे ठाऊक नाही. एअरबॅग सांभाळणारं युनिटच धडकेच्या क्षणी सीटबेल्ट आवळून धरणारा प्रीटेन्शनर उडवतं. फ्यूज गेला की तोही मेला. खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या आणि बाजूच्या एअरबॅग असल्या तर बहुधा त्याही त्यावरच असतात. म्हणजे एका दोषी भागापायी बाकीचं सगळं चांगलं संरक्षण घालवलं, आणि तेही तो भाग फुकट बदलून मिळत असताना. वर दिवा कायम पेटलेला राहतो म्हणून तो बंद करून देणारे महाभाग आहेत. पुढे ती गाडी विकली की घेणाऱ्याला कळायलाही मार्ग नाही.

आणि ओळखीच्या मेकॅनिककडून एअरबॅग सोडवून घेणं हा त्याहून वाईट प्रकार. या सिस्टीममध्ये कपॅसिटर असतो. बॅटरीची तार काढली तरी थोडा वेळ त्यात पलिता पेटवण्याइतकी वीज शिल्लक राहते. म्हणून रीतसर काम असं होतं: पुढची चाकं सरळ, इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी, मग त्या मॉडेलच्या पुस्तकात लिहिलं असेल तितकं थांबायचं (बहुधा तीनेक मिनिटं), आणि त्यानंतरच पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा. साध्या मल्टिमीटरने इन्फ्लेटरचा रोध मोजायचा नाही, त्याच्या करंटनेही पलिता पेटू शकतो. काढलेली एअरबॅग पिशवीची बाजू वर करून ठेवायची; उलटी ठेवली आणि उडाली तर अख्खं मॉड्यूल वर भिरकावलं जातं. स्टीअरिंगमागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली चपटी केबल असते. स्टीअरिंग काढलेलं असताना ती फिरली की नंतर तुटते, हॉर्न जातो आणि एअरबॅगही जाते. टायर पंक्चर काढणाऱ्याच्या शेजारी बसून करायचं हे काम नव्हे.

आता हक्काचा मुद्दा. फुकट दुरुस्ती घेतल्याने भरपाईचा हक्क संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 39 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायलाही सांगू शकतो, आणि यातले एकाहून अधिक आदेश एकदम देऊ शकतो. दोष दूर होणं आणि झालेलं नुकसान भरून मिळणं या कायद्याच्या दृष्टीनेच वेगळ्या गोष्टी आहेत. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकावर दावा करायची तरतूद कलम 82 ते 87 मध्ये स्वतंत्र आहे.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं: कशावर सही करता ते वाचा. जॉबकार्डावर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, सही करणं म्हणजे काम झाल्याची पोच. पण कधी कधी पुढे येतो तो कागद वेगळा असतो, त्यात 'पूर्ण आणि अंतिम समाधान, यापुढे कोणतीही मागणी नाही' अशी ओळ असते. ती ओळ खोडा, किंवा सहीच्या वर 'हक्क राखून' असं लिहा, आणि त्या कागदाचा फोटो काढा. न वाचता सही करून बसला असाल तरी दार कायमचं बंद होत नाही. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की अशी पावती फसवून, दिशाभूल करून किंवा दडपण आणून घेतली असेल तर ग्राहकाचा हक्क जात नाही. निकाल विम्याच्या पैशांबद्दलचा, पण तत्त्व इथेही लागतं. फक्त ते दडपण सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, म्हणून आधीच वाचणं बरं.

हक्क खरोखर जातो तो मुदत उलटल्याने. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, त्याच ग्राहक कायद्याचं कलम 69. गाडीपेक्षाही फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर यांत हे जास्त घडतं: तंत्रज्ञ येतो, बोर्ड बदलतो, दोन महिने चालतं, पुन्हा बंद, पुन्हा येतो. सगळं फुकट, सगळं गोड बोलून, आणि दोन वर्षं निघून जातात. फुकट दुरुस्ती जरूर घ्या, पण दर वेळी तारीख आणि दोष लिहिलेला कागद घ्या. तोच दोष तिसऱ्यांदा आला की लेखी बदली मागा. दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि मुदत संपायच्या आत जिल्हा आयोगात जा. उत्तर आणि दक्षिण गोव्याला स्वतंत्र आयोग आहेत. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही.

'कायद्याने नवी गाडी मिळते' हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ मधून उचललंय, आणि अर्धंच उचललंय. ते कलम 2019 च्या दुरुस्तीने आलं. त्यात सक्तीच्या रिकॉलमध्ये कंपनीने काय करायचं ते आहे: पूर्ण किंमत परत, किंवा बदली गाडी, किंवा दुरुस्ती. मधला 'किंवा' मेसेजवाल्याने खाल्ला. शिवाय आपल्याकडचे बहुतेक रिकॉल कंपन्या स्वतःहून काढतात. वाहन उद्योगाच्या संघटनेची तशी आचारसंहिता 2012 पासून आहे. नवी गाडी मिळेल म्हणून फुटणारी एअरबॅग छातीसमोर ठेवून वाट बघत बसायला कुठलाही कायदा सांगत नाही.

पुरावा नष्ट करण्याबद्दल: रिकॉलमध्ये दोष कंपनीने लेखी कबूल केलेला असतो, कॅम्पेन नंबरासकट, म्हणजे त्या रिकॉल मोहिमेच्या नंबरासकट. यापेक्षा मोठा पुरावा घरच्या कपाटात ठेवलेला इन्फ्लेटर देणार नाही. तो स्फोटक भाग आहे, घरी ठेवायची वस्तू नव्हे. काढताना लेबलचा फोटो घ्या, पुरे. अपवाद एकच. दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली असेल, तर पंचनामा होईपर्यंत गाडी कंपनीच्या ताब्यात देऊ नका आणि कुठलाही भाग काढू देऊ नका; आयोग तो भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

हलक्या मालाचा आरोप जसाच्या तसा खोटा आहे, पण त्याच्या मागे एक खरी गोष्ट आहे. सुरुवातीच्या काळात काही गाड्यांत बदली म्हणून त्याच जातीचे नवे इन्फ्लेटर बसवले गेले. ते नवे असल्यामुळे त्या वेळी सुरक्षित होते, पण पुढे तेही रिकॉलमध्ये आले. याच टाकाटाने कार कंपन्यांना चाचण्यांचे खोटे आकडे दिल्याचा गुन्हा 2017 मध्ये कबूल केला, तेव्हा लोकांनी शंका घेतली तर नवल नाही. त्यावर उपाय एकच: 'आमची एकदा बदलून झाली' म्हणून गप्प बसू नका, चॅसी नंबर पुन्हा तपासा.

इतर कामं गळ्यात मारतात, हे खरं. इंजिन क्लीनिंग, व्हील बॅलन्सिंग, एसी डिसइन्फेक्शन. गाडी देतानाच जॉबकार्डावर 'फक्त रिकॉलचं काम' असं लिहून घ्या, विषय संपला.

गाडी सेकंड-हँड असली, वॉरंटी संपलेली असली तरी बिघडत नाही. अशी मोहीम चॅसी नंबरावर चालते. पत्र मात्र कंपनीच्या दप्तरातल्या पत्त्यावर, म्हणजे पहिल्या मालकाकडे जातं. म्हणून पत्राची वाट बघू नका. आरसीवरचा 17 अक्षर-आकड्यांचा चॅसी नंबर घ्या, कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका. जमत नसेल तर सर्व्हिस सेंटरला तो नंबर वाचून दाखवा. भाग आलेला नसेल तर तसं लेखी घ्या, आणि दोष डावीकडच्या एअरबॅगचा असेल तर तोवर पुढच्या त्या सीटवर कुणाला बसवू नका.

गाडी परत घेताना जॉबकार्डावर कॅम्पेन नंबर, जुन्या आणि नव्या भागाचे सीरियल नंबर, किलोमीटर आणि रक्कम शून्य, एवढं आहे का ते बघा. मग फाटकाबाहेर पडण्याआधी चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा आणि दोन्ही टोकांना हॉर्न वाजवून बघा. दिवा विझला नाही किंवा हॉर्न एका बाजूला बंद पडला, तर बसवताना काहीतरी चुकलं आहे, बहुधा क्लॉक स्प्रिंग. गाडी तिथेच ठेवा आणि दुरुस्त करूनच घेऊन या.